गाडीचा विमा रिन्यू करताना: कोटेशन कसं वाचायचं, कंपनी कशी पारखायची

गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षीचा विमा शोरूमवाला लावून देतो आणि आपण सही करतो. खरी पंचाईत पुढच्या वर्षी होते. मुदत संपायला महिना असताना फोन सुरू होतात, मेसेज येतात, एक एजंट ११ हजार म्हणतो, वेबसाइट ६ हजार दाखवते, शोरूम १४ हजारांवर अडून बसतं. गाडी तीच, मग आकडे इतके वेगळे का?

कारण तिघेही वेगवेगळी वस्तू विकत असतात. घरातल्या आणि नात्यातल्या गाड्यांच्या पॉलिस्या रिन्यू करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यातून बसलेली पद्धत खाली देतो. तिचं सूत्र एकच: प्रीमियम सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचं की क्लेमच्या दिवशी आपल्या खिशातून किती जाणार.

१. आधी हे कागद समोर घ्या

- आरसी (डिजिलॉकरमधली चालते)
- चालू पॉलिसीची पूर्ण पीडीएफ, नुसतं पहिलं पान नव्हे
- तीन वर्षांची थर्ड पार्टी पॉलिसी वेगळी असेल तर तीही
- गेल्या वर्षी क्लेम घेतला असेल तर त्याची तारीख
- सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर त्याचं बिल आणि आरसीवरची नोंद
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं नाव आरसीवर जसं आहे तसं
- मालकाचा पॅन, केवायसीसाठी

मुदत संपायच्या तीन-चार आठवडे आधी बसा. पॉलिसी एक दिवस जरी तुटली तरी पुढची कंपनी आधी गाडीची तपासणी मागते, फोटो आणि व्हिडिओ मागते, आणि त्या मधल्या दिवसांत काही झालं तर जबाबदारी सगळी तुमची.

२. पॉलिसीचे दोन भाग वेगळे करा

पहिला भाग थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्यासाठी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. याचे दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेले खासगी गाड्यांचे वार्षिक दर असे:

- १,००० सीसीपर्यंत: २,०९४ रुपये
- १,००० ते १,५०० सीसी: ३,४१६ रुपये
- १,५०० सीसीच्या वर: ७,८९७ रुपये

विजेवर चालणाऱ्या गाड्यांना यात १५ टक्के सूट आहे, त्यांचे दर किलोवॉटवर ठरतात. रिन्यू करताना नवी अधिसूचना आली आहे का तेवढं बघून घ्या. कुणी "आमचा थर्ड पार्टी स्वस्त आहे" म्हणालं तर तो माणूस तिथेच सोडा.

दुसरा भाग तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, आग, पूर, दंगल यात येतात. कंपन्यांची सगळी स्पर्धा, सवलती आणि चलाख्या याच भागात असतात. कोटेशन हातात आलं की थर्ड पार्टी आणि १८ टक्के जीएसटी बाजूला काढा आणि उरलेल्याचीच तुलना करा.

इथे नवीन गाडीवाल्यांचा एक हमखास घोटाळा होतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तुम्हाला फक्त दुसरा भाग घ्यायचा आहे, आणि तोही कोणत्याही कंपनीकडून घेता येतो. घाईत "फुल इन्शुरन्स" वर टिचकी मारणारे लोक थर्ड पार्टीचे पैसे दोनदा भरतात. उलट चौथ्या वर्षी दोन्ही भाग घ्यायचे असतात, हेही विसरू नका.

मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही सक्तीचा आहे, पण तो माणसाला एकच पुरतो. तुमच्या नावावर दुसरी गाडी असेल आणि तिच्यावर हे कव्हर असेल, किंवा तेवढ्याच रकमेची स्वतंत्र अपघात पॉलिसी असेल, तर तसं जाहीर करून ही रक्कम वगळता येते. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्यासाठीचं कायदेशीर जबाबदारीचं कव्हर घ्या. अगदी किरकोळ पैशांत मिळतं आणि एजंट सहसा त्याचं नावही काढत नाहीत.

३. आयडीव्ही सगळीकडे सारखा करा, मगच तुलना

गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर जास्तीत जास्त जेवढे पैसे मिळतील तो आकडा म्हणजे आयडीव्ही. त्याचा हिशोब ठरलेला आहे. त्या मॉडेलच्या सध्याच्या विक्री किमतीतून वयानुसार घट: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायचं.

म्हणजे ८ लाखांच्या मॉडेलची साडेतीन वर्षांची गाडी असेल तर आयडीव्ही ४ लाख ८० हजारांच्या आसपास यायला हवा. वेबसाइट उघडल्याबरोबर दिसणारा सगळ्यात स्वस्त आकडा बहुतेक वेळा आयडीव्ही खाली ओढून दाखवलेला असतो. स्लायडर शोधा, सगळ्या कंपन्यांना एकच आकडा द्या आणि बघा, मघाचा "स्वस्त" पर्याय किती वर चढतो. दुसरं टोकही आहे. आयडीव्ही उगाच फुगवला तर प्रीमियम जास्त जातो आणि क्लेमच्या वेळी हिशोबावरून वाद होतो.

४. ॲड-ऑन: बिल समोर ठेवून ठरवा

ॲड-ऑन म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं वाढीव कव्हर. त्यातलं झिरो डेप म्हणजे बदललेल्या पार्टची घट कापू न देणारं. "झिरो डेप घ्यावं का?" या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही जाहिरातीत मिळणार नाही. ते गॅरेजच्या बिलात मिळतं. साध्या पॉलिसीत पार्ट बदलला की कंपनी त्याची घट कापते: प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३०, काचेवर काहीच नाही, धातूच्या पार्टवर गाडीच्या वयानुसार. रंगाच्या एकत्रित बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्याचा अर्धा कापतात.

साडेतीन वर्षांची, १,२०० सीसीची हॅचबॅक घेऊ. सिग्नलला पुढच्या टेम्पोवर आपटली. अंदाजे बिल, जीएसटी सोडून:

- बंपर (प्लास्टिक) ८,०००: तुमचे ४,०००
- हेडलॅम्प (प्लास्टिक) ६,०००: तुमचे ३,०००
- फेंडर (पत्रा) ४,०००: २५ टक्के घट, तुमचे १,०००
- रंग ८,०००: तुमचे १,०००
- मजुरी ३,०००: पूर्ण कंपनीची
- नट, क्लिपा, कूलंट वगैरे ५००: पूर्ण तुमचे
- सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला तुम्ही भरायचीच रक्कम: १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,०००

एकूण २९,५००. त्यातले १०,५०० तुमच्या खिशातून. "कॅशलेस" (कंपनी आपला हिस्सा थेट गॅरेजला देते ती सोय) असूनही गाडी सोडवताना काउंटरवर हे पैसे मोजावे लागतात आणि नवखा माणूस तिथेच भांडायला उभा राहतो. झिरो डेप असतं तर हेच १,५०० वर आलं असतं. कन्झ्युमेबल्सचं, म्हणजे नट, क्लिपा, कूलंट यांचं ॲड-ऑनही असतं तर उरली असती फक्त १,००० ची वजावट.

आजकालच्या गाड्यांचं तोंड जवळजवळ सगळं प्लास्टिकचं असतं, त्यामुळे पहिली पाच वर्षं मी झिरो डेप डोळे झाकून घेतो. पाच वर्षांपर्यंत ते बऱ्याच कंपन्या सहज देतात, काही पुढेही देतात. फक्त वर्षाला किती क्लेम चालतील ते विचारा. काही पॉलिस्यांमध्ये दोनचीच मर्यादा असते.

दुसरं महत्त्वाचं ॲड-ऑन इंजिन प्रोटेक्ट. पार्किंगमध्ये उभी गाडी पुरात बुडाली तर साधी पॉलिसीही पुराचं नुकसान भरून देते. पण बुडालेली गाडी चालू करून बघितली, पाणी इंजिनात खेचलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी म्हणते हे पुराचं नुकसान नव्हे, तुमच्या चावीचं. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या एकता नगरीत गाड्या पाण्यात गेल्या. २०२१ मध्ये चिपळूणने त्याहून भयंकर पाहिलं. नदीकाठी, सखल भागात, बेसमेंट पार्किंगमध्ये गाडी उभी राहत असेल, किंवा रोज मुंबईतल्या मिलन सबवेसारख्या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणाहून जावं लागत असेल, तर हे घ्याच. आणि घेतलं तरी बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, टोइंग मागवा.

बाकीची झटपट. रिटर्न टू इनव्हॉइस पहिल्या दोन-तीन वर्षांत उपयोगी, विशेषतः कर्ज असताना, कारण चोरी झाल्यास आयडीव्हीऐवजी मूळ बिलाच्या जवळची रक्कम मिळते. रोडसाइड असिस्टन्स बहुतेक गाड्यांना गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून आधीच मिळालेली असते, दोनदा घेऊ नका. चावी आणि टायरची कव्हरं मला कधी पटली नाहीत. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर काय, हे मात्र लेखी विचारा; पावसाळ्यात हा त्रास घरोघरी आहे आणि कंपन्यांची उत्तरं एकसारखी नाहीत.

५. सवलती: कोणती खरी, कोणती नावापुरती

सगळ्यात मोठी सवलत एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. ती फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर मिळते. एनसीबीबद्दल चार गोष्टी पक्क्या ठेवा:

ती गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकताना जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या पहिल्याच प्रीमियमवर लागतं. शोरूमवाला हे स्वतःहून कधीच विचारत नाही.

सेकंडहँड गाडी घेतली तर आधीच्या मालकाची एनसीबी तुम्हाला मिळत नाही. अपवाद वारसाचा: मालकाच्या निधनानंतर गाडी पती-पत्नी, मुलं किंवा आईवडिलांकडे आली तर.

मुदत संपून ९० दिवस उलटले की एनसीबी शून्य.

आणि क्लेम घेऊनही "घेतला नाही" वर टिक करू नका. एजंट सांगेल, "काही होत नाही हो." नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते, आणि ती बहुधा नेमकी तुमच्या मोठ्या क्लेमच्या वेळी होते.

आता एक हिशोब, जो फारसं कुणी करत नाही. समजा स्वतःच्या नुकसानीचा मूळ प्रीमियम ८,००० आहे आणि सध्या ३५ टक्क्यांवर आहात. क्लेम घेतला नाही तर पुढची वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५०. घेतला तर ०, २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांतला फरक १२० टक्के, म्हणजे ९,६०० रुपये. आयडीव्ही उतरत जातो म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. तेव्हा चार-पाच हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करणं म्हणजे तोटा विकत घेणं. तो ओरखडा ओळखीच्या पेंटरकडे द्या. वर्षाला एक क्लेम माफ करणारं एनसीबी प्रोटेक्ट स्वस्तात मिळत असेल तर ४५-५० टक्क्यांवर पोचल्यावर घ्यायला हरकत नाही.

स्वेच्छेची वजावट ही दुसरी सवलत. "पहिले १५,००० मी भरीन" म्हटलं की प्रीमियम उतरतो आणि स्क्रीनवर फार छान दिसतो. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांना लागू असलेल्या जुन्या दरपत्रकात, २,५०० च्या वजावटीला २० टक्के पण कमाल ७५० रुपये, आणि १५,००० च्या वजावटीला ३५ टक्के पण कमाल २,५०० रुपये सूट होती. तुमच्या कोटेशनमध्ये किती वाचतात ते याच अंगाने तपासा. अडीच हजार वाचवायला पंधरा हजारांची जोखीम कशासाठी घ्यायची? काही वेबसाइटवर ही वजावट आधीच टिक केलेली असते, ती काढा.

चोरीविरोधी यंत्राची सूट जुन्या टॅरिफनुसार अडीच टक्के, कमाल ५०० रुपये, आणि त्यासाठी एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागते. कोपऱ्यावरच्या दुकानातला सायरन चालत नाही. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थेच्या सभासदांची सूट कमाल २०० रुपये. यासाठी धावपळ नको. गाडी खूप कमी फिरत असेल, म्हणजे आठवड्यातून एकदा देवदर्शन आणि बाजार एवढंच, तर किलोमीटरवर आधारित पर्याय बघा; २०२२ पासून त्याला परवानगी आहे. मर्यादा ओलांडली तर काय होतं ते आधी वाचा.

६. कंपनी पारखायची ती गॅरेजमध्ये

लोक "क्लेम रेशो" बघतात आणि चुकतात. विमा नियामकाच्या वार्षिक अहवालात छापलेला आकडा म्हणजे जमा प्रीमियमच्या किती टक्के रक्कम क्लेमवर गेली. ९० टक्के म्हणजे शंभरातले नव्वद क्लेम मंजूर, असं नाही. १०० च्या वर गेलेला आकडाही काही औदार्याची खूण नव्हे, कंपनी त्या धंद्यात तोट्यात आहे एवढाच त्याचा अर्थ. तक्रारींची संख्या जास्त उपयोगी, ती कंपन्यांच्या वेबसाइटवर पब्लिक डिस्क्लोजरमध्ये दर तिमाहीला असते.

त्याहून उपयोगी माणूस म्हणजे तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या बॉडीशॉपमधला ॲडव्हायझर. त्याला "कोणती कंपनी चांगली?" विचारू नका, तो जिचं कमिशन मिळतं तिचं नाव सांगेल. विचारा, "तुमच्याकडे आत्ता अप्रूव्हलसाठी कुठल्या गाड्या अडकल्यात?" त्याच्या टेबलावरच्या जॉबकार्डांच्या गठ्ठ्यातच उत्तर असतं. सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) वेळेवर कुणाचा येतो, पार्ट बदलायचा की ठोकून सरळ करायचा यावर कोण घासाघीस करतं, हे त्याला तोंडपाठ असतं.

कॅशलेसची यादी वेबसाइटवर बघून विश्वास ठेवू नका. गॅरेजला फोन करून विचारा, करार चालू आहे का. मुंबई-पुण्यात याचं काही वाटणार नाही, पण कोकणात किंवा मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी सगळ्यात जवळचं कॅशलेस गॅरेज जिल्ह्याच्या ठिकाणी निघू शकतं. मग टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट, हाही प्रश्न आलाच. अशा ठिकाणी गावात ऑफिस असलेली सरकारी कंपनी किंवा हाकेसरशी येणारा एजंट दोन हजार महाग पडला तरी परवडतो, असं माझं मत.

७. शोरूमच्या आग्रहाचं काय करायचं

"बाहेरचा विमा असेल तर कॅशलेस मिळणार नाही, वॉरंटी जाईल." दोन्ही खोटं. डीलरकडूनच विमा घ्या अशी सक्ती त्याला करता येत नाही. पण शोरूमचं कोटेशन फाडून टाकू नका, घासाघिशीला वापरा. तोच आयडीव्ही, तीच ॲड-ऑन घातलेलं बाहेरचं कोटेशन दाखवलं की आकडा बराच खाली येतो. फरक हजार-दीड हजारावर आला तर शोरूमकडून घ्यायलाही हरकत नाही. क्लेमच्या वेळी त्यांचा माणूस पळापळ करतो.

८. पैसे भरल्यावर त्याच दिवशी

पीडीएफ उघडा आणि आरसीशेजारी ठेवून तपासा: नाव, चासी आणि इंजिन नंबर, नोंदणीची तारीख, इंधन, बँकेचं नाव, एनसीबीचे टक्के, आणि घेतलेलं प्रत्येक ॲड-ऑन छापलंय का. सीएनजी किटची नोंद नसणं हा क्लेम अडकण्याचा अगदी नेहमीचा मार्ग आहे. ग्राहक माहिती पत्रक सोबत यायला हवं. काय चालत नाही ते त्यात थोडक्यात दिलेलं असतं. खासगी गाडी भाड्याने फिरवली तर क्लेम नाही, हे तिथे सापडेलच.

परदेशात राहून गावाकडच्या आईवडिलांच्या गाडीची पॉलिसी ऑनलाइन भरणाऱ्यांनी मोबाइल नंबर इथल्या माणसाचा द्यावा. अपघातानंतर सर्व्हेअरची व्हिडिओ लिंक आणि ओटीपी त्याच नंबरवर जातात. रात्री न्यू जर्सीत झोपलेल्या मुलाला ते दिसून उपयोग नाही.

सेकंडहँड गाडी घेतली असेल तर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करा. थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप येतं, स्वतःच्या गाडीचं येत नाही.

९. क्लेम अडला तर

अपघात झाला की गाडी हलवण्याआधी फोटो, मग लगेच कंपनीला कळवणं. सर्व्हेअर बघेपर्यंत गॅरेजला काहीही उघडू देऊ नका. चोरी, दुखापत किंवा दुसऱ्याचं नुकसान असेल तर पोलिसांत नोंद हवीच.

रक्कम कापली तर कोणत्या कलमाखाली कापली ते लेखी मागा. फोनवरचं "सिस्टीमने रिजेक्ट केलं" हे उत्तर नव्हे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. तिथे दाद लागली नाही तर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार. कंपनीने नकार दिला, महिनाभर उत्तरच दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. सोबत पॉलिसी, सर्व्हेअरचा अहवाल, गॅरेजचं मूळ एस्टिमेट आणि सगळे ईमेल तारखेप्रमाणे लावून न्या. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितल्याशिवाय बहुधा कुणी देत नाही, ती आधीच लेखी मागून ठेवा.